मधल्या सहा ओळी

ला प्लाता
रविवार, १४ जून १९८७

प्रिय काटकुळ्या,

तुझी दोन पोस्टकार्डं मिळाली. दोन्हींवर तोच समुद्र आणि तोच किल्ला. तिसरं पाठवशील तेव्हा मागे जरा काही लिही. ‘त्रिएस्तेत छान चाललंय, जाडे’ एवढ्यावर माझं पोट भरत नाही.

आम्ही सगळे बरे आहोत. इथे जूनची थंडी मरणाची पडली आहे. विद्यापीठातल्या आपल्या खोलीतली रॉकेलची शेगडी पुन्हा धूर ओकायला लागली, म्हणून मी खिडकी सताड उघडून आणि अंगात ओव्हरकोट घालून बसते. वर्गातली मुलं म्हणतात, बाई बसची वाट बघत असल्यासारख्या दिसतात. तुझी खुर्ची कुणाला दिलेली नाही. ओला कोट टाकायला बरी पडते.

तुझ्या आईची काळजी करू नकोस. तू सांगून गेलास तशी दर रविवारी जाते, आजही तिच्याकडेच जेवले. सारण भरलेली राव्हिओली, नेहमीसारखीच चौघांना पुरून उरेल एवढी. गुडघा दुखतो म्हणते, पण रेडिओवर गिम्नासियाची फुटबॉल मॅच लागली की रेफरीला अशा काही शिव्या घालते की डॉक्टरची गरज आहे असं वाटत नाही. तुझं पत्र तिला दर पंधरवड्याला येतं, हे ऐकून बरं वाटलं. मी मनाशी म्हटलं, आईच ती, तिला पत्रं आणि मला किल्ला.

बरं, आता कामाचं.

मंगळवारी ग्रंथालयातली पोरोता चक्क दोन जिने चढून आपल्या खोलीत आली. तुला माहीत आहे, ती पगार घ्यायलासुद्धा वर येत नाही. हातात त्रिएस्तेहून आलेलं पाकीट, आणि त्यात तुझ्या लेखाची आगाऊ प्रत. माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “तुमच्या फेर्मिनचं आलंय. तुमचं नाव कुठे दिसत नाही, बाई. एखादं पान गळलं की काय?”

मीही आधी तसंच समजले. पानं मोजली. गळलेलं नव्हतं एकही.

वर नाव फेर्मिन अचाव्हाल, एकट्याचंच. अकराव्या पानावर तक्ता, अठ्ठ्याहत्तर ओळींचा, आणि तोही माझ्या क्रमाने. जगात दुसरं कुणी या गणिती गटाचे घटक असे मांडत नाही. ही बाई पालेभाजी देठाकडून निवडते, म्हणून चार वर्षं तूच माझी टिंगल केलीस. शेवटच्या पानावर आभार आहेत. आधी तुला खोली भाड्याने देणाऱ्या बाईंचे, आणि त्यांच्या खालोखाल ‘संगणकावरील मदतीबद्दल श्रीमती सुबिरिया यांचे’.

टायपिस्टने काही घोळ घातला असेल, असं मी धरून चालले आहे. आपल्याकडे नावं अक्षरांच्या क्रमाने लावायची पद्धत. तुझं आडनाव पहिल्या अक्षराचं, माझं शेवटाकडच्या. शेवटचं माणूस कधी कधी राहून जातं. तसं झालं असेल तर दोन ओळी लिही, म्हणजे मला पोरोताला सांगता येईल. ती रोज विचारते.

आणि एक, सहज. पाठवण्याआधी तक्ता पुन्हा तपासलास का? मधल्या सहा ओळी?

तब्येत सांभाळ. तिथे उन्हाळा असेल, टोपी वापर, नुसती हातात धरून फोटो काढू नकोस.

तुझी,
डेलिया


ला प्लाता
सोमवार, २० जुलै १९८७

फेर्मिन,

आज मित्रांचा दिवस. दरवर्षी या दिवशी आपण तिरक्या हमरस्त्यावरच्या पिझ्झाच्या दुकानात बसतो, तू माझ्या वाटचे ऑलिव्ह खातोस आणि मी तुझ्या वाटची बिअर पिते. यंदा मी एकटी गेले. वेटर विचारत होता, तुमचा उंच मित्र कुठे गेला. लांब गेलाय, म्हटलं. फार लांब.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. म्हणजे टायपिस्ट बिचारी निर्दोष आहे.

“इथली पद्धत वेगळी आहे, जाडे,” असं लिहितोस. “यंत्र चालवणाऱ्याचं नाव इथे लेखावर घालत नाहीत. कल्पना ज्याची, लेख त्याचा. माझ्या जागी तू असतीस तर तूही हेच केलं असतंस.” वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मग खाली ताजा कलम: लोक प्रश्न विचारतात, तेव्हा प्रोग्रामची पूर्ण प्रत लवकरात लवकर पाठव. धन्य आहेस बाबा. घर लुटून गेलास आणि आता किल्ली पोस्टाने मागतोस.

यंत्र चालवणारी! फेर्मिन, यंत्र तर आपल्याकडचा जाडा मिशीवाला ऑपरेटरही चालवतो. त्या यंत्राला विचारायचं काय, हे कोण सांगत होतं? तू माझ्याकडे आलास तेव्हा तुझ्या हातात मूठभर मूलकण होते आणि डोक्यात गोंधळ. तुला असा एक गट हवा होता की ज्याच्या सममितीत सगळे कण आपापल्या जागी बसतील आणि तक्त्यातल्या सगळ्या आकड्यांची बेरीज नेमकी शून्य येईल. शून्य आली तर सिद्धांत उभा, नाही आली तर आडवा. असा गट माहीत आहे का, हे तू मला मातेचा कडू चहा घेता घेता विचारलंस. तीन आठवड्यांनी तो मी तुला फळ्यावर मांडून दाखवला. तेव्हा तू मला उचलून फिरवलंस आणि तुझी पाठ धरली. ही माझी कल्पना नव्हती, तर मग काय होतं? झाडूपोछा?

अकरा वर्षं मी दुसऱ्या कुणाबरोबर काम केलं नाही. दुसऱ्या कुणाशी धड बोलले नाही म्हटलंस तरी चालेल. मला परदेशाहून दोनदा बोलावणं आलं, दोन्ही वेळा मी नाही म्हटलं, कारण आपलं काम अर्धवट होतं. तू मात्र अर्धवट काम बॅगेत घातलंस आणि गेलास. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी चार शिव्या दिल्या असत्या आणि झोपले असते. तू केसाने गळा कापलास माझा.

काल तुझ्या आईकडे गेले होते. तिने तुझं नवं पत्र मला वाचून दाखवलं. चष्मा लावून, सावकाश, मोठ्यांदा. “चार वर्षं एकट्याने आकडे मोजले, आई, आता कुठे त्याचं चीज होतंय. पंधरा सप्टेंबरला कायमच्या नेमणुकीचं ठरेल, आणि सगळं या लेखावर आहे.” मग पत्राची घडी घालून मला म्हणाली, बघ पोरी, एकट्याने केलं त्याने, आणि मी उगीचच समजत होते की तू त्याला मदत करतेस. सॉस छान झालाय म्हटलं. मग तिने आणखी वाढलं आणि मी तेही खाल्लं.

आता पुढचं नीट वाच. हे रागाने लिहीत नाही.

तक्ता चुकलेला आहे. जानेवारीत आपण काय केलं ते आठव. आपल्याला यंत्र मिळतं गुरुवारी, दोन ते चार. पूर्ण तक्त्याला नऊ गुरुवार लागले असते, आणि तुला घाई झाली होती. तू म्हणालास, अर्धाच चालव, उरलेला आरशाने भर. प्रत्येक ओळीला एक जोडीदार, एकीत जो आकडा तोच दुसरीत उलट चिन्हाने. मीही मान डोलावली. छत्तीस ओळी मोजल्या, छत्तीस आरशाने भरल्या. पण मधल्या सहा ओळी स्वतःच स्वतःच्या जोडीदार. त्यांना आरशाचा नियम लागूच नाही, आणि आपण तो लावला. यंत्र आज्ञाधारक. जो आकडा स्वतःच्याच उलट, तो शून्यच असणार, म्हणून त्याने सहा शून्यं छापली. आपणच शून्य आत घातलं, आपणच ते बाहेर काढलं, आणि सापडलं म्हणून केक कापला.

त्या सहा ओळी आरशाशिवाय चालवल्या की प्रत्येकीत दोन येतात. बेरीज बारा. तुला विश्वास बसणार नाही, म्हणून हाताने करून बघ. एका दुपारचं काम आहे.

लेख अजून नियतकालिकात छापलेला नाही. मागे घे. पंधरा सप्टेंबरच्या आत स्वतः मागे घेतलास तर लोक म्हणतील, सरळ माणूस आहे. नंतर दुसऱ्या कुणी काढलं तर काय म्हणतील, ते तूच ठरव. हा गट चालत नाही, हे दाखवणंही काम आहे. ते दोघांच्या नावाने नीट लिहू. एवढं सगळं होऊनही मी हे म्हणते आहे, याचं माझं मलाच नवल वाटतं.

डेलिया


ला प्लाता
रविवार, ३० ऑगस्ट १९८७

फेर्मिन,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तू हाताने करून पाहिलंस आणि तुझंही उत्तर बारा आलं, हे कळलं. लेख मागे घेतला नाहीस, हेही कळलं.

तू एक उपकार मागितला आहेस. मी नियतकालिकाच्या संपादकांना आणि तुझ्या तिथल्या प्रमुखांना चार ओळी लिहाव्या. “यंत्राच्या कामात मदतनिसाचा हात चुकला, एवढंच लिही. माझी कल्पना शाबूत राहील, आणि तुझं काही जात नाही.” खरंच आहे. जायला आधी माझं काही असावं लागतं. त्या अकराव्या पानावर माझं काहीच नाही, तेव्हा जाणार तरी काय.

आणि अगदी शेवटी, समासात, बारीक अक्षरात विचारलं आहेस: “पण तुला हे सापडलं कधी?”

तू हुशार आहेस, काटकुळ्या. हा प्रश्न तू विचारू नयेस म्हणून मी मागच्या पत्रात फार जपून लिहिलं होतं. आता विचारलाच आहेस तर सांगते.

गुरुवार, सव्वीस मार्च. त्या सहा ओळी मला आठवडाभर चैन पडू देत नव्हत्या. सहा शून्यं एका रांगेत, इतकं स्वच्छ निसर्गात काही नसतं, बीजगणितात तर नसतंच. म्हणून त्या दिवशी दोन तासांत तेवढ्याच चालवल्या, आरसा काढून. चार वाजता कागद हातात आला. सगळीकडे दोन. मी तिथेच त्या ऑपरेटरच्या स्टुलावर बसले. मग कागदाची गुंडाळी करून पिशवीत घातली आणि तुला सांगायला निघाले. मनात म्हणत होते, बिचारा कोसळेल, आधी गोड काहीतरी खायला घालू.

तू खालच्या जिन्याशीच उभा होतास. हातात बेकरीचा पुडा. मला म्हणालास, “जाडे, शनिवारी चाललो त्रिएस्तेला. वर्षभरासाठी. डिसेंबरपासून ठरत होतं, पण होईपर्यंत बोलायचं नव्हतं.” डिसेंबरपासून! जानेवारीतल्या घाईचं कारण मला तेव्हा कळलं. आपण तेव्हा रोज समोरासमोर बसत होतो, फेर्मिन. माझ्या दाढेला खड्डा पडला तर तो तुला माझ्याआधी माहीत असायचा.

मी एवढंच विचारलं, लेख लिहिलास तर मसुदा मला पाठवशील ना? आपल्यात दुसऱ्याने वाचल्याशिवाय एक पानही बाहेर जात नाही, ही तर आपण शिकलेली पहिली गोष्ट. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, “वेडी आहेस का? पहिली प्रत तुलाच.” आणि पुडा उघडून माझ्यापुढे धरलास. मी एक बिस्किट उचललं. कागद पिशवीतच राहिला.

तू म्हणशील, तेव्हा धक्का बसला असेल, पण नंतर? नंतरही लिहिता आलं असतं. एप्रिलमध्ये आलं असतं, मेमध्ये आलं असतं. एक ओळ पुरली असती: मधल्या सहा ओळी बघ. मी लिहिली नाही. मला बघायचं होतं, तू मसुदा पाठवतोस की नाही. पाठवला असतास तर मी त्याच दिवशी तार केली असती, तू वाचला असतास, मीही वाचले असते. रोज टपालाच्या वेळी खाली जायचे. कधी किल्ला यायचा, कधी काहीच नाही. जसजसे दिवस जात होते तसतसं मला बरंही वाटत होतं, हे लिहायला मला लाज वाटते, पण वाटत होतं. जा म्हटलं, माझं नाव खाऊन जा, आत काय आहे ते तुला माहीत नाही.

पोरोताने प्रत आणून ठेवली तेव्हाही माझ्या पहिल्या पत्रात मी ‘सहज’ विचारते म्हणून लिहिलं. सहज कसलं. स्वतःहून चूक शोधायची ती तुला दिलेली शेवटची संधी होती, आणि तू ती ओळ वाचलीही नाहीस.

असो. तू मागितलेलं पत्र मी लिहिलं. गुरुवारी रजिस्टर पोस्टाने दोन्हीकडे गेलं. प्रत सोबत आहे, तरी इथेही उतरवते, म्हणजे पाकीट फोडून घाबरून बाजूला ठेवलंस तरी इथे वाचावं लागेल:

“श्री. अचाव्हाल यांच्या लेखातील तक्ता १९८३ ते १९८७ या काळात मी तयार केला. गट मी निवडला, घटकांचा क्रम माझा, प्रोग्राम माझा. मधल्या सहा ओळी आरशाच्या नियमाने भरण्याला मी संमती दिली. ती चूक माझी आहे. ती मला २६ मार्च रोजी कळली आणि २० जुलैपर्यंत मी ती लेखकाला कळवली नाही. हा दोषही माझा आहे. बरोबर बेरीज बारा आहे. मूळ कागद तारखांसह सोबत जोडले आहेत. डेलिया सुबिरिया.”

मदतनिसाचा हात चुकला, असं लिहायला तू सांगितलं होतंस. तेवढं मला जमलं नाही, कारण तिथे मदतनीस कुणी नव्हती. यातला एक शब्द खोटा असेल तर संपादकांना कळव. तुझ्या नेमणुकीचं यानंतर काय होईल ते मला दिसतंय. माझंही इथे काय होईल ते दिसतंय. चूक चार महिने पिशवीत घेऊन फिरणाऱ्या बाईबरोबर यापुढे कोण काम करेल? पण त्या तक्त्याखाली माझं नाव यायचं तर दुसरी जागा तू ठेवली नव्हतीस.

आज दुपारी तुझ्या आईला सगळं सांगितलं. तुझ्याकडून कळण्याआधी तिला माझ्याकडून कळावं असं वाटलं. मॅच चालू होती. तिने रेडिओ बंद केला. गिम्नासिया एका गोलने मागे असताना तिने रेडिओ बंद केलेला मी पहिल्यांदा पाहिला. आकड्यांचं तिला काही समजलं नाही आणि तिने समजून घेण्याचं नाटकही केलं नाही. एवढंच विचारलं, म्हणजे त्याने तुझं नाव खाल्लं? मी हो म्हटलं. आणि तुला ठाऊक होतं की तो खड्ड्यात चाललाय? मी त्यालाही हो म्हटलं.

तिने ताटं गोळा केली. मग म्हणाली, “मला का नाही सांगितलंस मार्चमध्ये? कान धरून विमानातून उतरवला असता मी त्याला.”

चार वर्षांत अठ्ठ्याहत्तर ओळींचा हिशोब केला, पण तुझ्या आईला सांगावं हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

दारापर्यंत सोडायला आली. गुडघा धरून, भिंतीला टेकत. उरलेली राव्हिओली डब्यात घालून दिली, वर फडकं बांधलं. “पुढच्या रविवारी येऊ नकोस, पोरी,” म्हणाली. “राग गेला की मीच बोलावेन.” कुणावरचा राग, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तिला पत्र लिही. माझ्याविषयी काही लिहू नकोस. तुझ्याविषयी लिही, आणि या वेळी खरं लिही.

डेलिया सुबिरिया